मेंदूचे दीर्घकालीन विद्युत उद्दीपन : चेताऊतीवरील परिणाम

मेंदूत बसविलेल्या इलेक्ट्रोडमधून महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षे विद्युत स्पंद दिल्यास लगतच्या चेतापेशी, त्यांचे अक्षतंतू, ग्लायल पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी) आणि केशवाहिन्या यांत होणारे बदल. कंपवात, इसेन्शियल ट्रेमर (हात वगैरेंचा कंप), डिस्टोनिया (स्नायू पिळवटले जाणे) व अपस्मार यांवरील डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस, मेंदूच्या खोल भागाचे उद्दीपन) हा या उद्दीपनाचा आजचा सर्वांत मोठा उपयोग असला, तरी रुग्णनिवड, शस्त्रक्रिया व उपचाराचे लाभ यांचे विवेचन येथे केलेले नाही. ऊतीत जे दिसते त्यातले बरेचसे तार मेंदूत शिरल्याचे व तेथे राहिल्याचे असते. प्रवाहाचा वाटा त्यातून वेगळा काढणे हेच या अभ्यासातले अवघड काम आहे.

डीबीएसमध्ये सेकंदाला १३० स्पंद ही नेहमीची वारंवारता. म्हणजे दिवसाला सुमारे १ कोटी १२ लाख आणि वर्षाला सुमारे ४१० कोटी स्पंद. एका स्पंदाने होणारा नगण्य रासायनिक बदल उलटला नाही, तर तो इतक्या पटीने साचतो. म्हणून इथे प्रवाहाच्या तीव्रतेइतकाच त्याचा आकारही महत्त्वाचा ठरतो.

इतिहास : गुस्टाफ फ्रिट्श व एडुआर्ड हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या बाह्यांगाला प्रवाह देऊन विरुद्ध बाजूच्या हालचाली घडविल्या. १८७४ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रॉबर्ट्‌स बार्थोलो यांनी कवटी झिजून मेंदू उघडा पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत सुया खुपसून प्रवाह दिला. तिला झटके आले आणि काही दिवसांत ती दगावली. मृत्यू प्रवाहाने झाला, सुयांनी झाला, की मुळातल्या रोगाने व संसर्गाने, यावर तेव्हाही एकमत नव्हते. प्रवाहाची इजा आणि सुईची इजा यांची गल्लत म्हणजे अगदी पहिल्या मानवी प्रयोगापासूनची आहे.

दीर्घकालीन उद्दीपन नेमके कोणी सुरू केले हे वादग्रस्त आहे. जे. लॉरेन्स पूल यांनी १९४८ मध्ये एका रुग्णाच्या पुच्छकेंद्रकात (मेंदूच्या खोल भागातील एका केंद्रकात) चांदीचा इलेक्ट्रोड बसविला. सुमारे आठ आठवड्यांनी तार तुटल्याने तो उपचार थांबला, असे सांगितले जाते. टुलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी १९५० च्या दशकात मनोरुग्णांत इलेक्ट्रोड ठेवले. त्या कामावर नैतिक आक्षेप आहेत आणि ऊतीविषयी त्यातून विश्वासार्ह माहिती फारशी मिळत नाही. लेनिनग्राडमध्ये नतालिया बेख्तेरेवा यांचे काम १९६० च्या दशकातले. आधुनिक डीबीएसचे श्रेय सामान्यतः ग्रनोबल येथील आलिम-लुई बेनाबिद व पिएर पोलाक यांना, १९८७ मधील थॅलॅमसच्या (मेंदूच्या खोल भागातील एका केंद्राच्या) उच्च वारंवारतेच्या उद्दीपनासाठी, दिले जाते.

ऊतीच्या दृष्टीने मात्र यांपैकी कोणत्याही वर्षापेक्षा १९५५ अधिक महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी जॉन लिली व सहकाऱ्यांनी एकाच दिशेच्या स्पंदाऐवजी पाठोपाठ विरुद्ध दिशेचे दोन छोटे, समान प्रभाराचे स्पंद वापरून माकडांच्या मेंदूचे दीर्घकाळ उद्दीपन केले आणि ऊतीला उघड इजा न झाल्याचे दाखविले. पुढे जाइल्स ब्रिंडली यांचे दृष्टी-प्रत्यारोपण (अंध व्यक्तीच्या मेंदूवर बसविलेले उद्दीपक, १९६८) आणि अर्व्हिंग कूपर यांचे अनुमस्तिष्काचे (लहान मेंदूचे) उद्दीपक (१९७० चे दशक) यांमुळे सुरक्षिततेचा प्रश्न रुग्णालयापर्यंत आला. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील रॉबर्ट पुडेन्झ, विल्यम ॲग्न्यू व डग्लस मॅक्रीरी यांच्या गटाने पुढील दोन-अडीच दशके मांजरांवर केलेले प्रयोग आजच्या बहुतेक मर्यादांचा पाया आहेत.

तारेमुळे होणारे बदल : लीड (टोकाशी इलेक्ट्रोड असलेली, मेंदूत बसवायची तार) आत जाताना केशवाहिन्या फाटतात, रक्त-मेंदू अडथळा भंगतो, रक्तातील प्रथिने ऊतीत उतरतात. मायक्रोग्लिया (मेंदूतील संरक्षक पेशी) काही तासांतच त्या जागी गोळा होतात. ॲस्ट्रोसाइट (ताऱ्याच्या आकाराच्या ग्लायल पेशी) सावकाश येतात आणि काही आठवड्यांत लीडभोवती घट्ट वेष्टन तयार करतात. लीडच्या पृष्ठभागावर अनेककेंद्रकी महापेशी आढळतात. काढून घेतलेल्या लीडला चिकटलेल्या ऊतीच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी तपासणीत त्या २००४ मध्ये नोंदविल्या गेल्या. शरीराने परक्या वस्तूला दिलेला हा प्रतिसाद प्रवाह बंद असलेल्या लीडभोवतीही दिसतो, आणि म्हणूनच प्रयोगात तुलनेसाठी न चेतविलेला जोड-इलेक्ट्रोड नसेल तर निष्कर्षाला फारसे मोल उरत नाही. जुन्या प्रबंधांत ही त्रुटी वारंवार आढळते.

वेष्टनाचा व्यवहारातील माग इम्पिडन्सवरून (प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधावरून) लागतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच लीडभोवती सूज व द्रव असल्याने तो कमी असतो, पुढील काही आठवड्यांत वाढतो आणि मग स्थिरावतो. डीबीएसच्या संपर्कांत (लीडवरच्या उघड्या धातूच्या भागांत) साधारण ५०० ते १,५०० ओहम. अचानक हजारोंनी चढला तर तार तुटली किंवा जोड सुटला असे समजावे. फार खाली गेला तर दोन तारांत शॉर्ट झाल्याची शंका घ्यावी. जुनी यंत्रे व्होल्टेज स्थिर ठेवत : ३.५ व्होल्टला १,००० ओहमवर ३.५ मिलिअँपिअर मिळतात, तर इम्पिडन्स ५०० झाला की तेच ७ होतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत ठरविलेले व्होल्टेज पुढे अपुरे वाटते. प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या यंत्रांत ही अडचण राहत नाही.

इजेची कारणे : याबाबत दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष विद्युतरसायनाचा. धातूत इलेक्ट्रॉन वाहतात, ऊतीत आयन. या दोहोंच्या सीमेवर थोडा प्रभार कॅपॅसिटरप्रमाणे साठतो. त्याहून अधिक द्यावा लागला तर रासायनिक अभिक्रिया होते. चांदी-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत प्लॅटिनमचे विभव सुमारे −०.६ ते +०.८ व्होल्टच्या बाहेर गेले की पाण्याचे विघटन सुरू होते. ऋणाग्राशी हायड्रोजन सुटून माध्यम अल्कधर्मी होते. धनाग्राशी ऑक्सिजन सुटून ते आम्ल होते, क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होते आणि प्लॅटिनम क्लोराइड-संयुगांच्या रूपात विरघळू लागते. स्टेनलेस स्टीलमधून लोह, निकेल व क्रोमियम ऊतीत उतरतात. चांदी व तांबे मेंदूत कायम ठेवण्यास अयोग्य. दुसरा, उलट दिशेचा स्पंद यांतील ज्या अभिक्रियांची उत्पादिते अजून पृष्ठभागाजवळच आहेत त्या उलटवतो; वायू होऊन किंवा विरून दूर गेलेले परत येत नाही. दोन स्पंदांत किंचित असमतोल राहिला तर सरासरी एकदिश प्रवाह वाहू लागतो. तो अडविण्यासाठी यंत्रात कॅपॅसिटर घालतात किंवा स्पंदांच्या मधल्या काळात इलेक्ट्रोड एकमेकांस जोडून उरलेला प्रभार काढून टाकतात. कर्णशंखाच्या प्रत्यारोपणात (बहिऱ्यांना ऐकू यावे म्हणून कानात बसविलेल्या उपकरणात) हा गळतीप्रवाह ०.१ मायक्रोअँपिअरखाली ठेवण्याचा प्रघात आहे.

दुसरा पक्ष अतिसक्रियतेचा. इलेक्ट्रोडची रसायने निर्दोष असली तरी हजारो पेशींना एकदम, विश्रांतीविना चेतवत ठेवल्याने त्यांच्यातील व बाहेरील आयनांचे संतुलन ढळते, ग्लुटामेट (चेतापेशींना उत्तेजित करणारे रसायन) साचते, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी मरतात, असे हा पक्ष मानतो. याच्या बाजूने तीन गोष्टी ठळक आहेत. मॅक्रीरी व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्लॅटिनम आणि केवळ कॅपॅसिटरप्रमाणे काम करणारा टँटॅलम पेंटॉक्साइड यांची तुलना केली. अभिक्रिया टाळूनही दुसऱ्याने होणारी इजा पहिल्यासारखीच होती. परिघीय चेतेवर स्थानिक भूल देऊन संदेशवहन रोखले असता तोच प्रवाह पूर्वीइतका घातक ठरला नाही. आणि एनएमडीए ग्राही (ग्लुटामेटला प्रतिसाद देणारे रेणू) रोखणाऱ्या एमके-८०१ या द्रव्याने मेंदूतील चेतापेशींची इजा घटली (१९९३). हे तीन पुरावे पाहता, संतुलित स्पंद व उदात्त (सहसा न गंजणारे) धातू वापरात असताना इजेचे प्रमुख कारण अतिसक्रियता असावे, याकडे झुकाव योग्य वाटतो. रसायनाचा पक्ष मात्र निकाली निघालेला नाही : लहान इलेक्ट्रोड, सदोष समतोल किंवा गळका जोड असेल तेथे तोच पहिला संशयित असतो.

अतिसक्रियतेचे एक सौम्य रूपही आहे. सततच्या उद्दीपनाने पेशी मरत नाही, पण तिला चेतविण्यास लागणारी तीव्रता वाढत जाते आणि हे काही दिवस टिकू शकते. सूक्ष्मदर्शीत काही दिसत नसतानाही उपकरण ‘कमी चालते’ असे वाटते ते यामुळे. मांजराच्या नितंबचेतेवर २० हर्ट्‌झला फारशी इजा होत नाही, ५० किंवा १०० ला होते; उद्दीपनाचा काळ निम्मा करून मध्ये विश्रांती दिली तर ती ठळकपणे कमी होते. मानेतील व्हेगस चेतेच्या उद्दीपकात ३० सेकंद चालू व ५ मिनिटे बंद ही जी मांडणी रूढ आहे, ती या विचाराशी सुसंगत आहे.

प्रभाराची मर्यादा : डीबीएसमध्ये ‘३० मायक्रोकूलोम प्रति चौ. सेंमी. प्रति स्पंद’ ही मर्यादा सर्वत्र उद्धृत होते, पण तिचे मूळ क्वचितच सांगितले जाते. मॅक्रीरी यांनी १९९० मध्ये दाखविले की केवळ प्रभारघनता किंवा केवळ प्रभार पाहून भागत नाही. दोन्ही मिळून इजा ठरते. मोठ्या इलेक्ट्रोडवर कमी घनतेलाही इजा होते, लहानावर जास्त घनता खपून जाते. रॉबर्ट शॅनन यांनी १९९२ मध्ये ही विदा एका समीकरणात बसविली :

लॉग घ = क − लॉग प

येथे ‘घ’ ही प्रत्येक स्पंदातील प्रभारघनता (मायक्रोकूलोम प्रति चौ. सेंमी.), ‘प’ हा प्रत्येक स्पंदातील प्रभार (मायक्रोकूलोम) आणि ‘क’ हा स्थिरांक. ‘क’ १.५ धरल्यास मर्यादा सावध होते, २.० धरल्यास सैल.

नेहमीच्या लीडवर हे लावून पाहू. तिच्यावर १.२७ मिमी. व्यासाचे व १.५ मिमी. लांबीचे चार दंडगोल संपर्क असतात. एकाचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौ. मिमी., म्हणजे ०.०६ चौ. सेंमी. ३ मिलिअँपिअर प्रवाह ६० मायक्रोसेकंद दिला तर प्रभार ०.१८ मायक्रोकूलोम व घनता ३. यातून ‘क’ सुमारे −०.२७ येतो. मर्यादेपासून हे फार दूर आहे. त्याच संपर्कावर ३० ही घनता गाठायची तर १.८ मायक्रोकूलोम लागतील आणि तेव्हा ‘क’ सुमारे १.७३ होईल, म्हणजे सावध व सैल यांच्या मधोमध. या लीडपुरता ३० चा आकडा समीकरणाशी जुळतो तो असा.

दिशादर्शी लीडवर हिशेब बदलतो. तिथे कड्याचे तीन तुकडे केलेले असतात व एका तुकड्याचे क्षेत्रफळ साधारण दीड चौ. मिमी.च भरते. त्यावर ५ मिलिअँपिअर व ९० मायक्रोसेकंद लावले की प्रभार ०.४५ मायक्रोकूलोम आणि घनता थेट ३०. पूर्ण कड्यावर निर्धास्त असलेली मापे तुकड्यावर काठावर येतात. प्रोग्रॅमर (बाहेरून मापे ठरविणारे उपकरण) इशारा देतो तेव्हा त्याने कोणते क्षेत्रफळ धरले आहे हे पाहणे यासाठी आवश्यक असते. एकाऐवजी दोन तुकडे जोडणे हा सोपा मार्ग.

समीकरणामागील प्रयोग मांजराच्या मेंदूच्या पृष्ठभागावर, सलग सात तास, ५० हर्ट्‌झ व ४०० मायक्रोसेकंद रुंदीच्या स्पंदांनी झाले. मानवी वापर खोल केंद्रकात, दहा-पंधरा वर्षे, १३० हर्ट्‌झला व ६० ते ९० मायक्रोसेकंदांचा असतो. सात तासांवरून पंधरा वर्षांवर जाणे हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे. वारंवारता, विश्रांतीचा काळ आणि तंतूंची घनता समीकरणात येतच नाहीत. ३० हा आकडा सुरक्षिततेची सिद्ध सीमा म्हणून न वाचता सावधगिरीचा संकेत म्हणून वाचणे अधिक रास्त.

सूक्ष्म इलेक्ट्रोड : २,००० चौ. मायक्रोमीटरएवढ्या टोकावर हे समीकरण लागू पडत नाही. तेथे ४ नॅनोकूलोम प्रति स्पंद ही इजेची ढोबळ सीमा मानतात. तेवढ्या प्रभाराला घनता २०० होते, तरी ‘क’ जेमतेम −०.१ भरतो, समीकरणाच्या हिशेबी हे निर्धोक, प्रत्यक्षात काठावरचे. कारण कदाचित असे की सूक्ष्म टोकाजवळ मोजक्याच पेशी असतात आणि त्यांना चेतविणारा एकूण प्रभारच निर्णायक ठरतो. उलट, माकडांच्या संवेदी बाह्यांगात १०० मायक्रोअँपिअरपर्यंतचा प्रवाह सहा महिने दिल्यावर टोचणीच्या इजेपलीकडे फारसे काही न आढळल्याचा अहवाल २०१५ चा आहे. तेव्हा तो रोज काही तासच, मध्ये विश्रांती ठेवून दिला गेला होता, हे ध्यानात घ्यावे.

मानवी पुरावा : तो मुख्यतः शवविच्छेदनाचा असून तुटपुंजा आहे. व्हिएन्नातील हाबर्लर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये कंपवाताच्या आठ रुग्णांचे मेंदू तपासले. लीडभोवती संयोजी ऊतीचे पातळ वेष्टन व त्याबाहेर ग्लायोसिसची (ग्लायल पेशींच्या व्रणाची) अरुंद कड, चेतविलेल्या व न चेतविलेल्या भागात लक्षणीय फरक नाही, हा त्यांचा निष्कर्ष आणि नंतरच्या लहान मालिकांचाही सूर बहुतांशी तोच. उद्दीपनाने रोगाची झीज थांबते हा प्राण्यांतील काही प्रयोगांवरून होणारा दावा माणसात सिद्ध झालेला नाही. डोपामिन-पेशींचा ऱ्हास उपचारानंतरही चालू राहतो. बालकांविषयी ऊतीचा पुरावा जवळपास नाही.

कार्यातील बदल : ग्रॅहॅम गॉडर्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले की उंदराच्या अमिग्डालाला (भावनांशी संबंधित मेंदूभागाला) रोज थोडा वेळ सौम्य उद्दीपन दिले तर काही दिवसांत तेवढ्याच उद्दीपनाने उंदराला पूर्ण झटका येऊ लागतो आणि ही प्रवृत्ती टिकून राहते. ऊती सूक्ष्मदर्शीत साबूत, वर्तन कायमचे बदललेले. डीबीएसच्या सतत उच्च वारंवारतेच्या पद्धतीत असे होताना दिसत नाही. यंत्र बंद केल्यावर कंप मिनिटांत परततो, हालचालींची मंदता काही तासांत, तर डिस्टोनिया कधीकधी कित्येक दिवसांनी. त्यावरून काही मंडलांत टिकाऊ पुनर्रचना होत असावी असे अनुमान करतात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये काही वर्षांनी परिणाम ओसरतो, तो ऊतीच्या सरावामुळे की रोग वाढल्यामुळे यावर मतभेद आहेत.

उष्णतेची इजा : वरील सर्व सूक्ष्म चर्चेपेक्षा रुग्णाला अधिक धोका बाहेरून येणाऱ्या ऊर्जेचा असतो. लीडची तार रेडिओलहरी पकडते आणि संपर्काच्या टोकाशी ती उष्णतेच्या रूपाने सोडते. शॉर्टवेव्ह डायथर्मीने (रेडिओलहरींनी खोल शेक देणाऱ्या उपचाराने) मेंदूत गंभीर इजा झाल्याची नोंद २००१ ची आहे. यंत्र बंद असले किंवा शेक गुडघ्याला दिला तरी धोका टळत नाही, म्हणून डायथर्मी पूर्णतः वर्ज्य. एमआरआयसाठी यंत्राच्या मॉडेलनुसार अटी वेगळ्या असतात. जुन्या यंत्रांना १.५ टेस्ला व डोक्याच्या कॉइलवर किलोग्रॅममागे ०.१ वॉट ऊर्जाशोषणाची मर्यादा होती. तुटलेली लीड किंवा त्वचेखालच्या यंत्राच्या कप्प्यात गुंडाळून सोडलेली जादा तार धोका वाढवते, त्यामुळे स्कॅनआधी इम्पिडन्स तपासतात.

नागपूर व विदर्भ : गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, तसेच छिंदवाडा, बालाघाट येथून रुग्ण चेताविकारांच्या उपचारासाठी नागपुरास येतात, धंतोली व रामदासपेठ हे दवाखान्यांचे जुने केंद्र. शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा हैदराबादेत आणि नंतरची देखरेख गावाजवळ, असे जेथे होते तेथे दोन गोष्टी निसटतात. एक, इम्पिडन्सची पहिली नोंद स्थानिक कागदपत्रांत नसते, त्यामुळे पुढील वाढ तपासायला आधार उरत नाही. ती प्रत्येक संपर्काची, तारखेसह, फाइलीत उतरवून घ्यावी. दोन, गुडघे-कंबरदुखीसाठी ‘शेक’ सांगितला जातो आणि डायथर्मीच्या टेबलावर रुग्ण छातीतल्या बॅटरीचा उल्लेख करीत नाही. यंत्राचे कार्ड मराठीत व हिंदीत सोबत असणे येथे उपयोगी. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक मेंदूतील लीडला अपायकारक नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी त्वचेखालील यंत्राचे तापमान शरीर सांभाळते. बाहेरून चार्ज करताना मात्र कॉइल तापते व चार्जर मध्येच थांबू शकतो, म्हणून पहाटे चार्ज करणे सोयीचे.

मरणोत्तर तपासणी आपल्याकडे विरळ असण्यास व्यवहाराचीही कारणे आहेत. अंबाझरी किंवा मोक्षधाम घाटावर नेण्यापूर्वी छातीतील यंत्र काढावे लागते, कारण दहनात बॅटरीचा स्फोट होतो. पण लीडसह मेंदू जतन करण्याचा विचार त्या वेळी कोणी करीत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूपेढी आहे. जतन करायचेच असेल तर लीड ताबडतोब ओढून काढू नये : वेष्टन तिला चिकटलेले असते आणि तपासायचा थरच तिच्यासोबत निघून येतो. आधी फॉर्मॅलिनमध्ये मेंदू घट्ट होऊ द्यावा, मग लीड काढून तिच्या मार्गाला आडवे छेद घ्यावेत.

कवटीबाहेरून उद्दीपन : विद्युत-आघात उपचारात (ईसीटी) सुमारे ८०० मिलिअँपिअरचे छोटे स्पंद काही सेकंद दिले जातात, बराच प्रवाह डोक्याच्या त्वचेत व कवटीतच वळतो. पेशींचा ऱ्हास झाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, स्मृतीवरील परिणाम हा स्वतंत्र विषय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल व स्नायुशिथिलक न देता ईसीटी करण्यास मनाई केली असून नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासह सर्वच संस्थांना ती लागू आहे. एकदिश सौम्य उद्दीपनात (टीडीसीएस) २ मिलिअँपिअर ३५ चौ. सेंमी.च्या स्पंजातून देतात, म्हणजे प्रति चौ. मीटर सुमारे ०.५७ अँपिअर. उंदरात, कवटीवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडखाली, ऊतीची इजा १४२.९ ला आढळली (२००९). येथे खरी इजा त्वचेची : स्पंज वाळला की प्रवाह एखाद्या बिंदूतून जातो आणि भाजते. नळाचे पाणी न वापरता सलाइन वापरावे, आणि कूलर किंवा पंख्याच्या थेट झोतात बसवलेल्या रुग्णाचा स्पंज सत्राच्या मध्यावर पुन्हा ओला करावा.